मापाचा ब्लाऊज

अव्वाचा पाय मुरगळला नसता तर मी त्या दुकानाची पायरी कधी चढलेच नसते.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरचं सगळं शिवणकाम भवानी पेठेत बसप्पा टेलरकडं जायचं, आणि ते घेऊन जायची अव्वा, म्हणजे माझी आई. तेव्हाची रीतच तशी होती. बाईमाणसाच्या अंगाला शिंप्यानं टेप लावायची नाही. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज पिशवीत घालून न्यायचा, त्यावरून तो नवा बेतणार. त्याला म्हणायचं मापाचा ब्लाऊज. त्यामुळं माझी छाती, कंबर, बाही हे सगळं त्या दुकानाला दहा वर्षं पाठ होतं आणि माझं तोंड मात्र तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालचा माघ महिना. दुपारचं ऊन नुकतंच चावायला लागलं होतं. दुकानात इस्त्रीखाली वाफाळणाऱ्या ओल्या कापडाचा वास... आणि मशीनवर बसप्पा नव्हतेच. ते मोडनिंबला कुणाच्या लग्नाला गेले होते. गल्ल्यापाशी त्यांचा मुलगा संगप्पा बसला होता. दातांनी दोरा तोडता तोडता त्यानं मान वर केली, आणि दोऱ्याचं टोक ओठावर तसंच राहिलं.

"या अक्का," तो म्हणाला. दुकानात येणारी प्रत्येक बाई त्याची अक्का होती, मग ती सोळाची असो की साठीची.

(पुढं चव्वेचाळीस वर्षं मी त्याला 'अहो' म्हणत आले. पण या गोष्टीत तो 'तो'च राहू दे. त्या दुपारी तो माझा कुणीही नव्हता.)

मी पिशवी पुढं सरकवली. आत शालूवरच्या ब्लाऊजचं कापड होतं, जर्द अंजिरी, आणि मापाचा एक ब्लाऊज. त्यानं तो लाकडी फळीवर पसरला, तळहातानं एकदा सपाट केला आणि मागं वळला. भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला खाकी कागदांचा गठ्ठा टोचलेला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा एकेक कापलेला कागद. त्यातला एक त्यानं बरोबर उपसून काढला. त्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, जगदेवी, शुक्रवार पेठ. तो कागद ब्लाऊजवर ठेवला, तर चारी बाजूंनी कापड बाहेर डोकावायला लागलं.

"अक्का, ह्यो मापाचा ब्लाऊज तुमचा न्हाय."

मी कोण हे तुम्हाला काय ठाऊक, असं मी फणकाऱ्यानं विचारलं. तर म्हणाला, पिशवी ओळखली की. दहा वर्षं हीच येती.

ब्लाऊज माझ्या मामेबहिणीचा होता. ते त्याला सांगायची काही गरज नव्हती. पण मी बालवाडीची बाई. समोर कुणी चूक काढली की माझी जीभ आधी चालते, डोकं मागनं येतं.

"आज नसला म्हणून काय झालं? वैशाखापर्यंत होईल माझा," मी म्हणाले.

आणि मग जे झालं होतं ते सांगण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही.

झालं होतं असं. मी चोवीस वर्षांची. बाबा मिलमध्ये होते, ते वारल्याला सहा वर्षं झालेली. तीन स्थळं येऊन चहा पिऊन गेली होती, आणि तिन्ही घरच्या बायकांनी जाताना दारात एकच शेरा मारला होता: पोरगी चांगली आहे, पण अंगात काही नाही. म्हणून संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर चौथं स्थळ यायचं ठरलं तेव्हा अव्वानं मला न विचारता बसप्पांकडं एक ब्लाऊज टाकला. दुहेरी अस्तराचा, आणि मधे शेवरीचा कापूस. थंडीसाठी हवा, असं सांगून आली. सोलापुरात, थंडीसाठी! बसप्पांनी निमूट शिवून दिला.

पाहुण्यांसमोर पोह्याची ताटली ठेवायला वाकले तेव्हा एक बाजू किंचित वर सरकली. पदरानं सावरली म्हणून निभावलं. मुलगा मुंबईला औषधांच्या कंपनीत होता, शांत वाटला. त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला आणि वैशाखातली तारीख धरली. त्या रात्री अव्वा आनंदानं रडली, मी भीतीनं. कारण लग्न झाल्यावर कापूस कुठं लपवायचा? त्याला कळणार, तो फसवलं म्हणणार, आणि मला पिशवीसकट आणून सोडणार. माझ्यापायी अव्वाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

त्यावर तोड काढली अक्कम्मा मावशीनं. ती मुंबईला एका दवाखान्यात आया होती. तिथं एक डॉक्टर छातीचं ऑपरेशन करतात, आत पिशवी बसवतात, बाई निराळीच दिसते, असं तिनं कळवलं. फाल्गुनात मला तिच्याकडं पाठवायचं ठरलं. आणि लग्नसराईत शिंपी कुणाला दाद देत नाहीत, म्हणून होणाऱ्या अंगाचा ब्लाऊज आधीच शिवायला टाकायचा. ही अक्कल अव्वाची.

हे सगळं मी खालमानेनं, पिशवीचे बंद पिळत सांगितलं. परक्या पुरुषाला. आजही आठवलं की कानशिलं तापतात. त्याचेही कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हा हसेल. तो हसला नाही. त्यानं कानावरची पेन्सिल काढली.

"आपरेशन झाल्यावर सूज किती दिवस ऱ्हाती?"

"मला काय माहीत?"

"माप बसतंय कवा मग? महिन्यानं का सहा महिन्यानं?"

"...माहीत नाही."

"टाका कुटं घालत्यात? काखेत का खाली? हात वर करता येतोय का? न्हाय, मला बाही बेतायची हाय म्हणून इचारतो." तो खरंच शिवणाचंच बोलत होता, आणि म्हणूनच मला लाज वाटेनाशी झाली. "ती पिशवी किती वर्सं टिकती? लेकरं झाली, अंग सुटलं, तर तिचं काय? उद्या नको वाटली तर उसवता येती का?"

मला एवढंच माहीत होतं की मुंबईला जायचं आणि निराळं होऊन यायचं.

"अक्का," तो सावकाश म्हणाला, "आमी साधं कापड बी भिजवून, वाळवून मग कात्री लावतो. आटायचं ते आधी आटू दे म्हणतो. तुमी तर अंगाला कात्री लावाय निघालाय, आन काय बी इचारलं न्हाय?"

त्यानं खाकी कागदाचा एक तुकडा फाडला आणि सगळे प्रश्न त्यावर लिहून काढले. अक्षर मोठं, बाळबोध. ते मावशीकरवी डॉक्टरांना पाठवा, उत्तर आलं की मग मी कापड कापतो, म्हणाला. तोवर शालूचं कापड त्यानं घडी घालून वरच्या फळीवर ठेवलं.

मी घरी येऊन त्याचे प्रश्न चांगल्या कागदावर उतरवले. उतरवताना माझे स्वतःचे दोन घातले. बाळाला पाजता येईल का? आणि... नवऱ्याला कळेल का?

पत्र गेलं. उत्तराला महिना लागणार होता, आणि त्या महिन्यात आमच्या घरातल्या ब्लाऊजांचे हुक भराभर तुटायला लागले. अव्वाचा पाय बरा झाला तरी मीच म्हणायचे, तू बस, मी जाते. एकदा हुक, एकदा परकराची नाडी, एकदा नुसतीच उसवलेली काख. बसप्पा मोडनिंबहून परत आले होते. मला बघितलं की ते मशीन सोडून चहाला निघून जायचे.

पाचव्यांदा गेले तेव्हा संगप्पानं हुकाकडं बघून विचारलं, तुमच्या घरच्या हुकांना काय रोग लागलाय. मी म्हटलं, तुम्ही लावता त्या दोऱ्यात दम नाही. तो म्हणाला, मग दुसऱ्या शिंप्याकडं टाका की. मी म्हटलं, माप तुमच्या खिळ्याला अडकलंय, कशी जाणार? तो दोरा ओवायला गेला आणि सुई तीनदा चुकली.

पंखा नव्हता तिथं. तो जाडसर पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा आणि बोलता बोलता पुठ्ठा नकळत माझ्याकडं वळायचा. वारा मला, घाम त्याला. मी हे पाहिलंय हे त्याला कळू नये म्हणून मी रस्त्याकडं बघत बसायची. घरी जाताना मात्र पूर्ण वाटभर तेवढंच आठवायची.

एके दिवशी त्यानं विचारलं, हे आपरेशन तुमाला सोताला पायजे का?

मला राग आला. हे विचारणारे तुम्ही कोण, म्हटलं. शिवणारा, तो म्हणाला. इतक्या साधेपणानं म्हणाला की माझा राग उतरला. खोटं कशाला बोलू? कधीकधी मलाही हवं होतं. आरशासमोर उभं राहून मी पदर घट्ट ओढून बघायची. भरलेलं अंग कुणाला नको असतं? पण कधी वाटायचं, मी आहे तशी ठीक आहे, मला धावता येतं, पोरांबरोबर लंगडी खेळता येते, माझं काही अडलेलं नाही. हे दोन्ही मी त्याला सांगितलं. तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं, आणि बरोबर काय, चूक काय, ते काही सांगितलं नाही.

होळीच्या आठवड्यात पत्र आलं. डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं, चार पानं, प्रश्नाला क्रमांक घालून. मी ते घरी फोडलं नाही. तशीच भवानी पेठेत गेले आणि संगप्पासमोर फोडून मोठ्यानं वाचायला लागले.

ऑपरेशन होतं, करणाऱ्या बायका समाधानी असतात, हे त्यांनी आधी लिहिलं होतं. मग बाकीचं. पूर्ण भूल द्यावी लागते. सूज उतरून माप बसायला काही महिने जातात. सहा आठवडे हात वर नाही, घागर नाही, पोर उचलणं नाही. स्पर्श थोडा कमी होऊ शकतो. कुणाकुणाला पिशवीभोवती कडकपणा येतो, मग पुन्हा उघडावं लागतं. जन्मभर पुरेल असं मी सांगणार नाही, कारण ही गोष्टच नवी आहे. काढता येते, पण अंग पूर्वीसारखं होईलच असं नाही. बाळाला पाजणं बहुतेकींना जमतं, खात्री देत नाही. आणि कुणी नुसत्या सुईनं औषध टोचून देतो म्हणाला तर त्याच्या दारात उभ्या राहू नका.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी मोठ्यानं वाचू शकले नाही. कागद त्याच्याकडं दिला. त्यात होतं: "खालच्या बाजूला व्रण राहतो, तो जात नाही. नवऱ्याला कळेलच. तुम्हाला स्वतःसाठी हवं असेल तर अवश्य या, मी करीन. कुणापासून काही लपवण्यासाठी करत असाल तर येऊ नका, कारण ते लपत नाही. ता. क. असे प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते. ज्यांनी काढले त्यांना माझा नमस्कार कळवा."

म्हणजे कापूस काय आणि पिशवी काय, फसवणूक ती फसवणूकच राहणार होती. वर टाके, वर भूल, वर अव्वाचा जीव टांगणीला. मी बाकावर बसले.

संगप्पानं वरच्या फळीवरून अंजिरी कापड उतरवलं. उलगडून फळीवर पसरलं, कात्री शेजारी ठेवली. एका हातात माझा कागद, दुसऱ्या हातात मामेबहिणीचा ब्लाऊज.

"आता लगीनसराईला दिस न्हाय उरलं," तो म्हणाला. "सांगा. कंच्या मापानं कापू?"

त्यानं दोन्ही मापं कापडावर ठेवली.

"तुमी करून घेतलं, तरी मी शिवीन. न्हाय घेतलं, तरी शिवीन. नवा कागद कापायला मला काय लागतंय... पाच मिंटं. तुमी कशा बी असला तरी मला चालतंय. लई दिसांपास्नं चालतंय." बोलून बसला हे त्याला तेव्हा उमगलं असावं. "पर दुसरीच्या मापानं न्हाय. ते माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

बाहेरून एक टांगा गेला. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच खाली मान घालून आणखी एक गोष्ट सांगितली. कापसाचा ब्लाऊज बसप्पांनी नव्हता शिवला, त्यानं शिवला होता. तुमच्या आईचं ऐकून शिवला, पण आतनं कच्ची शिलाई घातलीय, म्हणाला. डाव्या काखेत दोऱ्याचं एक टोक सोडलंय. तुमाला जवा वाटंल तवा वढा.

मी घरी पळत आले म्हटलं तरी चालेल. अव्वा शेजारी गेली होती. ट्रंकेतून तो ब्लाऊज काढला, डाव्या काखेत बोट घातलं. टोक होतं. त्यानं त्याला बारीक गाठ मारून ठेवली होती, चुकून सुटू नये म्हणून. मी ओढलं. सरसर सगळा दोरा हातात आला आणि शेवरीचा कापूस घरभर उडायला लागला. मी त्यात बसून आधी रडले, मग नाकात कापूस गेल्यानं शिंकले, आणि मग मुंबईला त्या मुलाला पत्र लिहिलं. पाहण्याच्या दिवशी तुम्ही जिला होकार दिलात तशी मी नाही, ते अंग कापसाचं होतं, आता तुम्ही ठरवा. अव्वानं परत येऊन घरभर कापूस बघितला आणि काय झालं ते तिला न सांगताच कळलं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

नकार मुलाच्या वडिलांकडून आला, योग नाही म्हणून. पण त्याच पाकिटात त्या मुलाची वेगळी चिठ्ठी होती. तुम्ही आधी सांगितलंत हे फार बरं केलंत, एवढंच. माणूस चांगला होता तो.

चिठ्ठी अव्वानं वाचली, घडी करून देव्हाऱ्यात ठेवली. मग मला नाही, भिंतीला विचारल्यासारखं विचारलं की त्या दुकानात एवढे हुक लावतंय कोण. मी सांगितलं. शिंप्याच्या घरात देऊ व्हय तुला, ती म्हणाली. मी म्हटलं, शिवलेलं उसवू देणारा शिंपी आहे, दे. तिनं बोटांवरचा पानाचा चुना पदराला पुसला आणि नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो रिकामा ब्लाऊज त्याच्या फळीवर नेऊन टाकला. यात आता काही नाही, म्हटलं. आता माझ्याच मापानं कापा.

त्यानं ब्लाऊज हातात घेतला, काखेत बोट घालून बघितलं. मग वर पाहिलं.

"बस की, जगदेवी," तो म्हणाला.

अक्का नाही. दुकानात तीन बायका होत्या, तिघींनी माना वळवल्या. मी बसले. तो पुठ्ठ्यानं मला वारा घालत राहिला, उघड उघड, आणि मशीनवरून बसप्पा चहाला म्हणून उठले ते तासभर आलेच नाहीत. वैशाखातली तारीख आम्ही वाया जाऊ दिली नाही.

तो जाऊन आता सहा वर्षं झाली. खिळ्यावरचा कागद त्यानं कधी दुसऱ्या कुणाला हाताळू दिला नाही. थोरल्याच्या वेळी एक बाजू चिकटवून वाढवली, धाकटीच्या वेळी आणखी, साठीनंतर कंबरेला मोठा तुकडा जोडला. प्रत्येक तुकड्यावर तारीख. आता तो कागद माझ्या ट्रंकेत आहे, आणि त्याच्या पोटात घडी केलेला प्रश्नांचा तुकडा.

परवा पुण्याहून माझी नात आली होती. सव्वीसची आहे, नोकरी करते. रात्री माझ्या अंथरुणात शिरून हळूच म्हणाली, आज्जी, मला एक ऑपरेशन करायचंय, आईला सांगू नकोस. कसलं ते सांगितलं. कुणी म्हणतंय म्हणून का, मी विचारलं. नाही गं, ती म्हणाली, कुणीच म्हणत नाहीय, मलाच हवंय. मी उठले, दिवा लावला आणि ट्रंकेतून तो खाकी तुकडा काढून तिला दिला. आता औषधं बदलली असतील, पिशव्या बदलल्या असतील, म्हटलं, पण एवढं सगळं डॉक्टरला विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नकोस. आणि जाशील तेव्हा मला ने, सहा आठवडे तुझी वेणी मी घालीन.

तिनं प्रश्न वाचले. मग खालचा मोठा कागद हातात घेऊन त्याचे जोड मोजले, तारखा वाचल्या.

"आज्जी... तू तेव्हा केलं असतंस, तर?"

"तर तुझ्या आजोबांनी नवा कागद कापला असता," मी म्हणाले. "पाच मिनिटांत."